उत्कृष्ट, चांगली, बरी, वाईट

५ जानेवारी, सोमवार

नवे कुलगुरू आज न सांगता विद्यापीठ ग्रंथालयातल्या आमच्या ई-विभागात टपकले. मी स्टुलावर चढून पंख्याची जळमटं काढत होते. "विभागप्रमुख कुठे आहेत?" असं खालून कुणीतरी विचारलं आणि मी वरूनच, हातात फडकं, "मीच" म्हणाले.

तरी विभाग गच्च भरलेला होता, हे माझं नशीब. एक खुर्ची रिकामी नाही. कुलगुरूंनी विचारलं, "एवढी मंडळी काय वाचतायत?" मी छाती पुढे काढून सांगितलं, "देशोदेशीची शोधनियतकालिकं, सर. आपल्या संकेतस्थळावर हजारोंनी आहेत." आणि नेमकी त्याच क्षणी कोपऱ्यातल्या एका बहाद्दराने "गोल!" म्हणून आरोळी ठोकली.

कुलगुरू हसले नाहीत. जाताना म्हणाले, "ह्या नियतकालिकांची वर्गणी संपत आलीये. पुढच्या महिन्यात समिती बसेल. वापरणाऱ्यांचं मत काय आहे ते मला दाखवा. पटलं तर ठेवू. नाहीतर ही खोली परीक्षा विभाग कधीपासून मागतोय."

सर, म्हणजे आमचे मुख्य ग्रंथपाल, हात मागे बांधून उभे होते. एक अक्षर बोलले नाहीत. उभा जन्म ह्या माणसाच्या हाताखाली गेला, पण अडचणीच्या वेळी ते तोंड उघडतील तर शपथ.

विभाग गेला तर मला परत बांधणीखात्यात पाठवतील. खळ आणि दाभण. ह्या वयात!

८ जानेवारी

प्रश्नावली तयार. चाळीस प्रश्न झाले, त्यातला एकही गाळवेना. प्रत्येकाला चार पर्याय: उत्कृष्ट, चांगली, बरी, वाईट. नवऱ्याला वाचायला दिली. तो दातांचा डॉक्टर. सतराव्या प्रश्नापर्यंत गेला, चष्मा काढला आणि म्हणाला, "माझे पेशंट ह्यापेक्षा रूट कॅनाल पत्करतील."

पण मी पण काही कच्ची नाही. लोक भरणार नाहीत ही भीती होती, त्यावर तोड काढली. नेटवर्कवाल्याला सांगून अशी व्यवस्था केली की प्रश्नावली पुरी भरल्याशिवाय विद्यापीठाचं वायफायच सुरू व्हायचं नाही. एकही प्रश्न सोडला तर पान पुढे सरकत नाही. नेटवर्कवाला डोकं खाजवत म्हणाला, "मॅडम, मुलं शिव्या घालतील." म्हटलं, घालू देत. मतं तर देतील!

१९ जानेवारी, सोमवार

मला आज नाचावंसं वाटतंय. उत्तरांचा पाऊस पडलाय, आणि जवळजवळ सगळी उत्कृष्ट! संकेतस्थळाची मांडणी उत्कृष्ट. शोध घेण्याची सोय उत्कृष्ट. घरून वापरण्याची सोय उत्कृष्ट. कर्मचाऱ्यांचं सौजन्य उत्कृष्ट (हे मात्र मला अपेक्षित होतं). सगळ्या विभागाला केक आणला.

संध्याकाळी रंगीत तक्ते लावलेली फाईल सरांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पानं उलटली. मी कौतुकाची वाट पाहत उभी. ते म्हणाले, "ती मुंग्यांवर काम करणारी मुलगी, तिने भरली का ही?"

"ती पाय मोडून घरी पडलीये, सर. झाडावरून पडली. तिला घरी आपलं वायफाय कुठून मिळणार?"

"हं," म्हणाले. फाईल ड्रॉवरमध्ये टाकली. "बघतो."

नुसतं बघतो! केकचा तुकडा मात्र दोनदा घेतला.

२१ जानेवारी

आज जेवताना लेक सहज म्हणाली, "आई, तुझी ती प्रश्नावली मी पण भरली गं."

माझी लेक आमच्याच विद्यापीठात अर्थशास्त्र शिकते. मी खुशीत येऊन विचारलं, "काय भरलंस?"

"उत्कृष्ट. सगळीकडे."

"म्हणजे तुला आवडतं आमचं संकेतस्थळ?"

"कुठलं संकेतस्थळ?"

नवऱ्याला ठसका लागला. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

"अगं, म्हणजे तू उत्कृष्ट कशाला दिलंस?"

"आई, पहिल्या गोलावर बोट ठेवायचं आणि तसंच खाली खाली जायचं. सगळे तेच करतात. संपलं की वायफाय सुरू." मग माझा चेहरा बघून तिला दया आली असावी. "आणि ई-सेवा म्हणजे मला वाटलं एसी आणि प्लगपॉइंट. ते खरंच उत्कृष्ट आहेत गं."

"मग अभ्यासाला लेख लागला तर करता काय?"

"ग्रुपवर टाकतो. कुणाची तरी मावसबहीण दुसऱ्या विद्यापीठात असते. ती पाठवते."

आम्ही आख्ख्या जगाची नियतकालिकं दारात आणून ठेवलीत आणि माझी पोरगी परक्याच्या मावसबहिणीच्या जिवावर शिकतेय.

आणि आता? फाईल तर सरांकडे गेलीये. त्यात मी खोटं काही लिहिलेलं नाही. लोकांनी उत्कृष्ट म्हटलं, मी ते मोजलं. गप्प बसले तर विभाग वाचेल. कोणाला कळणार आहे?

मला कळेल, हीच पंचाईत आहे.

२२ जानेवारी

सकाळी सरांकडे गेले. म्हटलं, निदान फाईल परत मागून घेऊ, मग ठरवू. म्हणाले, "कुठली फाईल?"

"सर, सोमवारची! रंगीत तक्त्यांची!"

त्यांनी ड्रॉवर उघडला, बंद केला, दुसरा उघडला. कपाटाकडे बघितलं. "इथेच होती. सापडत नाहीये." आणि माझ्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. "पुन्हा करावी लागेल बहुतेक. ह्या वेळी थोडी वेगळी करून बघा. लोकांना जरा... जवळून विचारून."

फाईल हरवणारा ग्रंथपाल! वाचकाने पुस्तक हरवलं तर आपण त्याला सोडत नाही, आणि ह्यांना कोण बोलणार? माझ्या संगणकावर त्या अहवालाची प्रत आहे. पण ते मी मुद्दामच सांगितलं नाही. राहू दे माझ्याजवळ. वेळप्रसंगी उपयोगी पडेल.

प्रश्नावली बंद केली. वायफाय मोकळं झालं तेव्हा खोलीत टाळ्या पडल्या.

२७ जानेवारी

लेकीने सल्ला दिलाय: "आई, काही विचारू नकोस. नुसती लोकांच्या शेजारी बस आणि ते काय करतात ते बघ. आणि हो, बोलायचं नाही." शेवटची अट ऐकून नवरा म्हणाला, "म्हणजे मुळात होणारच नाही हे."

झालं! आज झालं.

इतिहास शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. मी विचारलं, मी शेजारी बसू का? म्हणाल्या, बसा की. संकेतस्थळ उघडलं. समोर चौकट: सदस्य क्रमांक टाका. त्यांनी ओळखपत्रावरचा क्रमांक टाकला. नाही. नोकरीवरचा टाकला. नाही. फोन नंबर टाकला. जन्मतारीख टाकली. मी जीभ दातांत धरून बसले होते. घाम मला फुटला, त्यांना नाही. त्या अगदी शांतपणे खिडकी बंद करून म्हणाल्या, "हे असंच असतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. मला वाटायचं, मलाच जमत नाही. म्हणून कुणाला बोलले नाही."

सदस्य क्रमांक ग्रंथालयाच्या कार्डाच्या मागच्या बाजूला असतो. मी त्यांचं कार्ड मागून घेतलं आणि उलटं केलं. मागच्या बाजूवर मोठी चिकटपट्टी: 'कार्ड सापडल्यास ग्रंथालयात आणून द्यावे.' क्रमांक बरोब्बर तिच्याखाली. नखाने पट्टी खरवडली तेव्हा कुठे दिसला.

ती चिकटपट्टी लावायची कल्पना कोणाची? माझी. तिच्यावरचा मजकूरही माझाच. बैठकीत मला शाबासकी मिळाली होती त्याबद्दल.

बाईंना आत गेल्यावर हवा तो लेख लगेच मिळाला. त्यांनी माझा हात दाबला. मला मात्र कुठेतरी जाऊन लपावंसं वाटत होतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज समिती होती. माझी काही तयारी नव्हती. चार-पाच जणांशेजारी बसून झालंय आणि प्रत्येकजण नव्या ठिकाणी अडखळतोय. संगणकावरचा तो उत्कृष्ट अहवाल छापून नेऊ की काय, ह्या विचारात बसले होते. तेवढ्यात निरोप आला की बैठक पुढे ढकलली. सरांची दाढ ठणकतेय.

बघायला गेले तर गालावर रुमाल धरून बसले होते. रुमालाआडून बिस्किट खात होते. दाढ दुखताना बिस्किट कसं चाववतं कोण जाणे. मऊ असेल.

घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, सरांची दाढ बघ बाबा एकदा. तो म्हणाला, "कुठली दाढ? दुखरी होती ती मीच काढली मागच्या वर्षी. बाकीचे दात घोड्यासारखे आहेत त्यांचे."

"मग दुसरी धरली असेल."

नवरा हसला. "असेल बुवा. मी काही बोलत नाही."

ह्याला स्वतःच्या पेशंटची काडीची काळजी नाही.

६ फेब्रुवारी

मुंग्यावालीचा फोन आला. तिला घरून लेख उघडायचाय. मी सवयीने म्हणाले, "त्यासाठी एकदा प्रत्यक्ष ग्रंथालयात येऊन ओळख पटवावी लागते." मग ती म्हणाली, "मॅडम, मी मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये आहे. तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही."

म्हणजे जो ग्रंथालयात येऊ शकत नाही त्याच्यासाठीची सोय मिळवायला आधी ग्रंथालयात यायचं. हा नियमही सुरक्षिततेच्या नावाखाली मीच भांडून करून घेतलाय. आजपर्यंत मी तो कितीदा लोकांना वाचून दाखवलाय, पण आज पहिल्यांदा माझ्या कानांनी ऐकला.

म्हटलं, मीच येते.

तिच्या वडिलांनी दार उघडलं. जिने चढून मला धाप लागली होती, त्यांनी आधी पाणी दिलं. पोरगी पलंगावर, प्लास्टरवर मित्रमैत्रिणींनी मुंग्या काढून ठेवलेल्या. चहा येईपर्यंत तिने मला तिची अडचण सांगितली. तिच्या त्या जातीच्या मुंग्या वारूळ बदलताना म्हाताऱ्या मुंग्यांना सगळ्यात आधी नेतात असं तिला दिसलंय. हे कुणी आधीच लिहून ठेवलं असेल तर तिचा सगळा प्रबंध बसला. ज्या लेखात ते असायची शक्यता आहे, तो आमच्याकडेच आहे. आणि तो उघडत नाही.

"मावसबहीण नाही का कोणाची?" मी विचारलं.

"सगळ्यांच्या मावसबहिणींना विचारून झालं."

तिच्या कार्डाचा फोटो काढला, तिचा चेहराही दिसेल असा, आणि नेटवर्कवाल्याला पाठवला. म्हटलं, ही तीच मुलगी आहे, मी समोर बसलेय, उघड. चहा निवायच्या आत उघडलं. एवढं सोपं होतं!

ती वाचायला लागली. तिचे वडील दाराबाहेर उभे. ओठ हलत होते तिचे. मग एकदम ती अशी किंचाळली की वडील धावत आत आले. "काय झालं? दुसरा पाय?"

"नाही लिहिलंय, बाबा! ह्यांनी वेगळी जात पाहिलीये, त्यांच्या म्हाताऱ्या शेवटी जातात! माझ्या मुंग्या माझ्याच आहेत!"

तिच्या वडिलांना ह्यातलं कितपत कळलं माहीत नाही, पण त्यांनी डोळे पुसले. मीही पुसले.

निघताना मोठ्या उत्साहाने विचारलं, "आता सांग. आमच्या सेवेला काय देशील?"

"वाईट," ती म्हणाली.

"अगं, आत्ता तर मिळाला लेख!"

"तुम्ही जिने चढून आलात म्हणून मिळाला. तुम्ही फार चांगल्या आहात, मॅडम. सेवा वाईट आहे."

जिना उतरताना राग यायला हवा होता. उलट हसूच येत राहिलं.

१२ फेब्रुवारी

आठवडाभर खरवडतेय. काउंटरवर बसून येणाऱ्या प्रत्येकाच्या कार्डावरची चिकटपट्टी काढते. नखं गेली कामातून. फोटो पाठवून घरबसल्या ओळख पटवायची सोय झाली. संकेतस्थळावरची माझी अकरा परिच्छेदांची मार्गदर्शिका लेकीने वाचली आणि तीन ओळींची केली. माझं एक फार सुंदर वाक्य त्यात गेलं.

चाळीस प्रश्नांच्या जागी आता एकच प्रश्न ठेवलाय, तोही काम संपल्यावर, मनात आलं तर उत्तर द्यावं असा: हवं होतं ते मिळालं का? पर्याय तीन. हो. नाही. दमून सोडून दिलं.

नेटवर्कवाला म्हणाला, "तो तिसरा काढून टाका, मॅडम. लोक त्याच्यावरच तुटून पडलेत." खरंय. आकडे बघवत नाहीत. पण रोज तो तिसरा थोडा थोडा खाली येतोय. सकाळी आल्या आल्या मी आधी तेच बघते. घरी म्हातारं माणूस आजारी असलं की ताप बघतात तसं.

१७ फेब्रुवारी

समिती पुन्हा ढकलली. ह्या वेळी सरांचे डोळे आलेत. काळा चष्मा लावून पेपर वाचत बसले होते. कमाल आहे ह्या माणसाची, बैठक ठरली की ह्यांचा एक तरी अवयव संपावर जातो! मला मात्र आणखी आठवडा मिळाला, तेवढं बरं झालं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

झाली एकदाची बैठक.

सकाळी पिशवीत दोन अहवाल घेतले. एक तो जुना, उत्कृष्ट. दुसरा खरा. रिक्षात बसून मनाशी म्हटलं, ऐनवेळी जो हाताला लागेल तो. ही पळवाट आहे हे कळत होतं. खोलीच्या दाराशी पिशवीत हात घातला आणि जुना बाहेर आला. तो परत आत टाकला आणि खरा शोधून काढला. असं का केलं ते मला सांगता येणार नाही. त्या पोरीचं "वाईट" डोक्यात होतं बहुतेक.

कुलगुरूंनी पानं चाळली. भुवई वर गेली. "म्हणजे दोन आठवड्यांपूर्वी अर्ध्याहून जास्त लोकांना हवं ते मिळत नव्हतं, असं तुम्हीच मला सांगताय?"

"हो."

"आणि तरी वर्गणी चालू ठेवा म्हणता?"

"सर, घरात सामान भरपूर होतं. दार उघडत नव्हतं. आणि दार मीच बसवलं होतं." "आता उघडतंय. सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना. शेवटचं पान बघा."

ते बघत असताना परीक्षा विभागाचे प्रमुख म्हणाले, "लोक घरून वाचणार असतील तर मग खोली कशाला हवी?" बोलणं बिनतोड होतं.

आणि तेव्हा सर बोलले. इतक्या वर्षांत बैठकीत पहिल्यांदा ऐकला तो आवाज. "ह्या बाईंकडे छान गुणांचा अहवालही आहे. सगळीकडे उत्कृष्ट. त्यांनी तो आणला नाही, हा आणला. ज्या माणसाला स्वतःचं वाईट मोजता येतं, त्याच्या हातात वर्गणी द्यायला मला भीती वाटत नाही." आणि परत गप्प.

वर्गणी चालू राहिली! निदान पुढचं वर्ष. खोली मात्र गेली. मला मुख्य दाराशी एक टेबल मिळणार.

रात्री अंथरुणावर पडल्यावर एक कोडं पडलं. संगणकावरच्या प्रतीबद्दल मी सरांना बोललेच नव्हते. मग "अहवाल आहे" असं ते ठामपणे कसं म्हणाले? हरवलेली फाईल आठवली असेल. म्हाताऱ्या माणसांना जुनं बरोबर आठवतं.

३ मार्च

खोली बदलली आणि विद्यापीठात दंगल व्हायची वेळ आली. नियतकालिकांसाठी नव्हे, प्लगपॉइंटसाठी! मुलं लॅपटॉप आणि एक्स्टेंशन बोर्ड घेऊन परीक्षा विभागाच्या दारात बसली. "ई-सेवा परत द्या" अशा घोषणा. माझी लेक पुढच्या रांगेत. शेवटी परीक्षा विभागाच्या प्रमुखांनी अर्धी खोली सोडली. आता ते उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मांडीवर घेऊन बसतात म्हणे.

सर दिसले तेव्हा विचारलं, "दाढ कशी आहे?" ते म्हणाले, "कुठली?" म्हणजे दोन्हीकडच्या दुखत असणार, बिचारे. आणि कधी बोलून दाखवत नाहीत.

९ मार्च, सोमवार

दाराशी टेबल छान आहे. उजेड येतो. पण आज सकाळपासून कुणी माझ्याकडे आलंच नाही. येणारा जाणारा मान हलवतो आणि पुढे जातो. दुपारपर्यंत मी टेबल तीनदा पुसलं. मग आकडे बघितले. लोक वाचत होते. घरून, वसतिगृहातून, बसमधून. मला कुणी विचारत नव्हतं, कारण विचारायची गरज पडत नव्हती. ह्याला आनंद म्हणावं की दुःख, ते मला ठरवता येईना.

चारच्या सुमाराला सर आले आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. म्हणाले, "ह्या महिनाअखेर मी निवृत्त होतोय."

मला माहीतच नव्हतं. कुणालाच नव्हतं.

"निवृत्त माणसाला घरून वाचता येतं का हे?"

नियमाप्रमाणे नाही येत. शेवटच्या दिवशी खातं बंद होतं. हा नियम माझा नाही, एवढं तरी नशीब. मी म्हटलं, "येईल. कसं ते माझ्याकडे लागलं."

मग संगणक त्यांच्याकडे वळवला, माझी खुर्ची ओढून शेजारी बसले आणि विचारलं, "काय शोधायचंय, सर?"

ते थोडे लाजले. जन्मभर लोकांना पुस्तकं काढून दिली, पण स्वतःसाठी काही मागताना मी त्यांना आज पहिल्यांदा पाहत होते. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, त्यांनी लिहिलं: दीपगृह. मध्ये दोनदा चुकलं. माझी बोटं शिवशिवत होती, मी हात मांडीखाली दाबून धरले. मग पानंच्या पानं आली. दिव्यांची भिंगं, खडकांवरचे मनोरे, दिवा सांभाळणाऱ्या माणसांच्या आठवणी. सरांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि खुर्ची पुढे ओढली.

बंद व्हायची घंटा झाली तरी ते तिथेच. शेवटी पडद्यावर आमचा प्रश्न आला: हवं होतं ते मिळालं का? त्यांनी तिन्ही पर्याय सावकाश वाचले आणि कशावरच बोट ठेवलं नाही.

"ह्यात एक कमी आहे," म्हणाले. "चौथा घाला. अजून बघतोय."

उद्या सकाळी पहिलं काम तेच.